विमानातून उडी मारणारच

३ फेब्रुवारी, रविवार
ठरलं. विमानातून उडी मारायची.
आज जेवताना लेकीने विषय काढला. एप्रिलमध्ये ती नोकरीसाठी परदेशी चालली आहे, एकटी. जायच्या आधी बाबाबरोबर एकदा स्कायडायव्हिंग करायचंय म्हणाली. बायको हसली. आधी साधं हसली, मग तिला ठसका लागला, मग पाणी प्यायला उठून गेली, आणि स्वयंपाकघरातूनही हसण्याचा आवाज येत राहिला.
एवढं हसण्यासारखं काय आहे? मी कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. लोकांच्या जिवाची काळजी घेणं हा माझा पेशा. त्याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांची मला कीव येते.
लेकीला म्हटलं, मारू उडी. पोरगी हातातल्या चमच्यासकट गळ्यात पडली. शर्टाला डाग.

५ फेब्रुवारी
कँटीनमध्ये सहज बोललो. पलीकडच्या दोन टेबलांना ऐकू जाईल इतपत सहज. स्टोअरमधला डोमकावळा लगेच म्हणाला, साहेब, तुम्ही बल्ब बदलायला स्टुलावर चढता तेव्हा खाली दोन माणसं उभी करता. मी म्हटलं, ती प्रोसीजर आहे. तर म्हणे, मग विमानाखाली किती उभी करणार? (डोमकावळा हे नाव मी ठेवलेलं नाही. कुणी रजेवर गेलं की हा आधी विचारतो, कुठल्या हॉस्पिटलात?)
सगळे हसले. हसू देत. उडी मारून आलो की एकेकाला बघून घेतो.
मोठ्या साहेबांकडे रजेचा अर्ज दिला. एरवी अर्ज आठवडाभर टेबलावर लोळत असतो. आज कारण वाचून त्यांनी तिथल्या तिथे सही केली आणि म्हणाले, हवी तर आणखी दोन दिवस घ्या, तोवर तुमचं काम कोणाकडे द्यायचं ते मी बघून ठेवतो. हे मला आवडलं नाही.

९ फेब्रुवारी
उडीच्या क्लबला फोन. तिथे जो शिकवतो त्याला सगळे मास्तर म्हणतात. वयाने पोरगेलाच वाटला. त्याने समजावून सांगितलं. नवख्या माणसाला एकट्याला सोडत नाहीत. मास्तर आपल्या पाठीला पट्ट्यांनी बांधलेला असतो आणि पॅराशूट त्याच्या पाठीवर. ते उघडलं नाही तर दुसरं असतं. मास्तरच बेशुद्ध पडला तर एक यंत्र ठरावीक उंचीवर दुसरं पॅराशूट आपोआप उघडतं. मी विचारलं, यंत्र कोण तपासतो? तपासणाऱ्याला कोण तपासतो? त्या दोघांचं आपसात भांडण असलं तर? मास्तर म्हणाला, काका, तुमच्या पाठीला मी असणार आहे, मलाही संध्याकाळी घरी जायचं असतं.
मुद्दा बिनतोड होता. पण आवाजात पुरेसं गांभीर्य नव्हतं.
मग माझं काम काय, असं विचारलं. म्हणाला, पोट पुढे काढून धनुष्यासारखं वाकायचं, जमिनीजवळ आलो की पाय वर घ्यायचे आणि मधल्या वेळात ओरडायचं.
वजनाची एक अट आहे. मी किंचित वर आहे. उद्यापासून डाएट.

१० फेब्रुवारी
डाएट सुरू. सकाळी बिनसाखरेचा चहा. दुपारी काकडी. संध्याकाळी काकडी.
मधे बिस्किटं खाल्ली, पण उभ्याने, ती धरत नाहीत. फ्रिजमधला केक वाया जाणार होता म्हणून संपवला. अन्नाची नासाडी मला बघवत नाही.

१६ फेब्रुवारी
पलंगावर पालथं पडून धनुष्याचा सराव. धनुष्य झक्क जमलं. परत सरळ होता येईना. बायकोने आणि लेकीने दोन बाजूंनी धरून मला मूळ आकारात आणलं. पाठीला मलम चोळताना बायको म्हणाली, अहो, हे वर ढगात झालं तर? मी म्हटलं, मास्तर असतो, त्याला घरी जायचं असतं.
संध्याकाळी उतरण्याचा सराव. इमारतीच्या जिन्याची तिसरी पायरी, खाली घरातल्या सगळ्या गाद्या, डोक्याला हेल्मेट. सूचनेप्रमाणे पाय वर घेतले. लँडिंग उत्तम. फक्त पाय वर असल्यामुळे सगळा भार बैठकीवर आला. खालच्या मजल्यावरच्या आजी वर येऊन विचारून गेल्या, कपाट पडलं का? बायको हो म्हणाली.

२३ फेब्रुवारी
भावनेच्या आहारी जायचं नाही. कारखान्यात करतो तसा धोक्यांचा तक्ता केला. शक्यता किती, इजा किती, दोन्हींचा गुणाकार. निकाल धक्कादायक आहे. आमची बाथरूम विमानातल्या उडीपेक्षा जास्त धोकादायक निघाली.
दिवसभर खपून बाथरूममध्ये रबरी मॅट टाकली आणि भिंतीला धरायचे दांडे बसवले. संध्याकाळी बायको मॅटला अडखळली. दांडा होता म्हणून वाचली. दांडा तिच्या हातात आला.
पण उडीबद्दल आता मी पूर्ण निश्चिंत आहे. आकडेच बोलतात. रात्री झोप लागत नाही, त्याचं कारण गादी. जिन्यातून परत आणल्यापासून ती एका बाजूला दबली आहे.

३ मार्च, रविवार
उडीचा दिवस! पहाटे उठलो. लेक आधीच तयार.
मैदानावर पोचलो तर वारा. मास्तर म्हणाला, एवढ्या वाऱ्यात नवख्यांना नेत नाही, आज रद्द. मी संतापलो. म्हटलं, माणूस मनाची तयारी करून येतो, हा काय पोरखेळ आहे? मास्तर म्हणाला, काका, दुपारपर्यंत थांबून बघायचं का? मी म्हटलं, नको, वाऱ्याशी वाद नको.
परतताना रागाच्या भरात दोन वाडगे आइस्क्रीम खाल्लं. मग गाणी म्हटली. बायको म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्हाला एवढं गाताना ऐकतेय. लेक खिडकीबाहेर बघत होती.

१० मार्च
वजन वाढलं आहे. महिनाभर काकडी खाऊन वजन वाढतं हे कुठल्या शास्त्रात बसतं? काटा बिघडला आहे. नियमाप्रमाणे त्याला लाल चिठ्ठी बांधली: ‘नादुरुस्त, वापरू नये.’ बायकोने वापरला. तिचं बरोबर दाखवतो. याला योगायोग म्हणतात.

१७ मार्च, रविवार
पुन्हा रद्द. या वेळी ढग.
ढग तसा लहान होता आणि बराच लांब होता. मास्तरच्या नजरेतून सुटलाच होता, मीच त्याला दाखवला. पुन्हा दाखवला. मग त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ठीक आहे काका, आज राहू दे.
लेकीने ते ऐकलं. गाडीत म्हणाली, बाबा, नको असेल तर नको म्हण, मी रागावणार नाही. मी म्हटलं, नको कोण म्हणतंय? मला काय भीती वाटते? तर म्हणाली, वाटली तर काय झालं, मला वाटते. उडीची नाही फक्त, तिकडे एकटं राहायची. म्हणून तर तू बरोबर हवास. तूही घाबरलास आणि तरी उडी मारलीस, असं मला बघायचंय.
मी म्हटलं, मग तुझी निराशा होणार, कारण मी घाबरत नाही.
तिने कानात इअरफोन घातले. पटलं असावं.

२१ मार्च
सावधगिरी म्हणून डॉक्टरांकडे जाऊन आलो. नखशिखांत तपासायला लावलं. ब्लड प्रेशर छान, हृदय छान, गुडघे वयाच्या मानाने छान. मी खोदून खोदून विचारलं, काहीतरी असेलच, नीट बघा. डॉक्टर म्हणाले, खुशाल मारा उडी.
हल्लीच्या डॉक्टरांचा अभ्यास कमी पडतो.

२७ मार्च
डोमकावळ्याने कँटीनमध्ये विचारलं, साहेब, उडी झाली की नुसतीच हवा? सगळ्यांसमोर टेबलावर हात आपटून सांगितलं, येत्या रविवारी मी विमानातून उडी मारणार. वारा असो, ढग असो, गारा पडोत. आता माघार नाही. हात अजून दुखतोय.

३१ मार्च, सकाळ
आकाश निळंशार. वारा नाही. ढग नाही. चारी दिशांना नीट पाहिलं. नाही.

३१ मार्च, संध्याकाळ
जे घडलं ते शिस्तीत लिहून ठेवतो.
मैदानावर मास्तरच्या काट्यावर माझं वजन अटीत बसलं. अगदी काठावर, पण बसलं. काटे हल्ली सगळीकडेच बिघडलेले.
पिवळे सूट चढवले. विमान लहान, बाकं नाहीत, जमिनीवरच एकमेकांच्या पायांत पाय घालून बसायचं. लेक, मी आणि एक दंतवैद्य. दंतवैद्य माझ्याच अंगापिंडाचा. प्रत्येकाच्या पाठीला आपापला मास्तर. उडीसाठी लेकीला मुद्दाम पुढे ठेवलं, म्हणजे मला मागून लक्ष ठेवता येईल. मास्तरने माझे पट्टे तपासले, मग मी तपासले.
वर जाताना लेकीने माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता. म्हणाली, बाबा, जाम भीती वाटतेय. मी म्हटलं, घाबरायचं काय त्यात, मी आहे ना.
दार उघडलं. आवाज असा की स्वतःचा विचारही ऐकू येईना. लेक दारात बसली, मान वळवून माझ्याकडे बघून हसली. आणि मग ती तिथे नव्हती. दारात नुसतं आकाश होतं.
मी सरकत सरकत दारापर्यंत गेलो. हे महत्त्वाचं आहे. दारापर्यंत मी गेलो. माझे दोन्ही पाय विमानाबाहेर होते. खाली मोठमोठे रस्ते दोऱ्याएवढे दिसत होते. मास्तर कानात ओरडला, मान मागे! त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं, की उजव्या मांडीवरचं बकल ढिलं आहे.
मी हात वर केला. आमच्या कारखान्यात कुठल्याही कामगाराने हात वर केला की काम थांबतं आणि त्याला कारण विचारायचं नसतं. हा नियम मीच आणला. क्लबमध्येही तोच नियम निघाला. मास्तरने फक्त एकदा विचारलं, काका, नक्की? मी म्हटलं, बकल. त्याने बकलाकडे बघितलंसुद्धा नाही. मला अलगद बाजूला ओढून घेतलं. दंतवैद्य आमच्या पायांवरून सरकत दारात गेला आणि बोंब ठोकत नाहीसा झाला. मग दार लागलं. पायलटने मागे न बघता एक पेपरमिंटची गोळी पुढे केली. बहुतेक जवळ ठेवतच असावा.
विमान भराभर खाली आलं. बायको कुंपणापाशी उभी होती. मी पायऱ्यांवरून उतरताना तिने बघितलं. रुमालाने माझं कपाळ पुसलं. ती हसली असती तर बरं झालं असतं.
लेक उतरली होती. मैदानाच्या मधोमध, आमच्याकडे पाठ करून वर बघत होती. वर एकच पॅराशूट उरलं होतं आणि त्याखाली पिवळा सूट. ती दोन्ही हात हलवत होती. मी तिला हाक मारणार होतो. पण तोंडात पेपरमिंट होती.
पॅराशूट खाली खाली आलं. लेक जिवाच्या आकांताने ओरडली, बाबा, पाय वर घे!
दंतवैद्याने पाय वर घेतले.
ती धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली. त्याने गॉगल काढला. मग ती हळूच मागे सरली, त्याला काहीतरी म्हणाली आणि वळून मला शोधू लागली. मी अंगठा वर करून दाखवला.
आजवर मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. ऊन फार होतं.

१ एप्रिल
रजा असूनही कामावर गेलो. कँटीनमध्ये सांगितलं, तांत्रिक कारण. डोमकावळा उठून गेला. माझ्यासाठी चहा घेऊन आला. त्या माणसाला ताळतंत्र नाही.

७ एप्रिल, रविवार
लेक गेली.
विमानतळावर दोन मोठ्या बॅगा, एक पाठीवर. बायकोने रडून घेतलं. मी पासपोर्ट पुन्हा तपासला, बॅगांची कुलपं ओढून बघितली, विमानात बसल्या बसल्या बाहेर पडायची दारं बघून ठेव म्हणून सांगितलं. ती सगळ्याला हो हो म्हणाली. मग मला थोडं बाजूला घेतलं. म्हणाली, बाबा, खरं सांग, त्या दिवशी दारात तुला भीती वाटली ना? मला आत्ता वाटतेय तशीच?
किती आशेने बघत होती.
मी म्हटलं, छे, भीती कसली, बकल ढिलं होतं.
ती म्हणाली, बरं. बॅगा ढकलत आत गेली. काचेपलीकडे दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवत राहिलो. तिने मागे वळून बघितलं नाही. गर्दी होती.
पुढच्या वर्षी सुटीवर येईल तेव्हा उडी मारणारच. उद्यापासून डाएट.
बकल घट्ट होतं.