कानपिळीचा मान

चाळीसगाव, १२ मार्च २०२५

ती. अभिमनभाऊस,
सा. न. वि. वि.

तुझ्या केंद्रात मोबाईल चालत नाही, म्हणून शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच एवढं लिहितेय. चुका काढू नकोस. माझं लग्न ठरलं. मुलगा चोपड्याचा, केळीवाला, नाव भूपेंद्र. तारीख १८ एप्रिल.

पुढचं लिहवत नाही. तू सुरतेला कामाला आहेस, सुट्टी मिळणार नाही, असं नानांनी मुलाकडच्यांना सांगितलंय. नवरदेवाचा कान पिळायला काकांचा प्रेमराज उभा राहील. बँडपायीच पोरगं बिघडलं म्हणून नानांनी तुझी क्लॅरिनेटही बाजरीच्या कोठीत पुरलीय. मी गप्प बसले. तुझी फार आठवण येते.

माया आहे तशीच ठेव.
तुझी रूपा

मानसोपचार केंद्र, धुळे, २० मार्च

चि. रूपास,
अ. उ. आ.

नानांवर रागावू नकोस. त्या वरातीत माझं वाजवणं थांबेना, नवरदेव घोड्यावर ताटकळला, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. पण आजार वाजवण्याने आला नाही, हे त्यांना सांग. गोळ्या वेळेवर घेतो. कानातले आवाज आता क्वचितच येतात. मंगळवारी इथल्या लताबाई आम्हा सगळ्यांना गायला-वाजवायला बसवतात, मला उसनी क्लॅरिनेट देतात. वर्षभर न बोललेल्या पुनाआबांनी परवा ताटलीवर ठेका धरला, आणि वर मलाच म्हणाले की तू घाई करतोस.

डॉक्टर चार दिवस सोडायला तयार आहेत. घरी यावंसं फार वाटतं, खोटं कशाला लिहू. तुझ्या हळदीला मीच वाजवीन, असं तू लहान असताना कबूल केलं होतं. पण तुझं मोडायला नको, मी येत नाही. हळद किती वाजता लागणार तेवढं कळव. त्या वेळी इथे वाजवीन.

सुखात राहा, पत्र टाकत जा.
अभिमन

चाळीसगाव, २९ मार्च

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

हळदीची वेळ कळवत नाही.

तुझं पत्र घेऊन मी चोपड्याची एसटी धरली आणि ते भूपेंद्रच्या हातात दिलं. मोडलं तर मोडलं, असं ठरवूनच गेले होते. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, की भावाचा हात जड आहे का. मी हो म्हटलं. तेव्हा म्हणाले, "कान मन्हा शे, पिळनारा मीच ठरावसू." म्हणजे कान त्यांचा, आणि पिळणारा तूच. त्यांच्या आईला अजून पटलेलं नाही. पटेल, असं ते म्हणतात.

घरी येऊन नानांना सगळं सांगितलं, आजार वाजवण्याने आला नाही हेही; दोन दिवस ते माझ्यावर चिडून होते. आज सकाळी त्यांनी कोठी उपसली. क्लॅरिनेट पुसता पुसता रडले. १६ एप्रिलला ती घेऊन ते स्वतःच तुला आणायला येताहेत. आत बाजरीचे दाणे राहिले असतील, फुंकताना जपून.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
रूपा