ईदीचा कोरडा शिधा

मी, छबुबाई अर्जुनराव लोमटे, वय एकाहत्तर, राहणार नांदूरघाट, तालुका केज, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, कोणी धाकदपटशा केलेला नाही, आणि नजर अजून इतकी चांगली आहे की समोरच्या अंजनाच्या ओट्यावर कोणाकडून काय आले ते मला आमच्या दारातून दिसते. मी जळकी आहे असे गल्ली म्हणते. खोटे नाही.

कलम १. राहते घर आणि विहिरीजवळची तीन एकर जमीन मुलगा अभिमन्यू याला.

कलम २. पुतळ्यांची माळ सून वर्षाराणी हिला. पोरगी गुणाची आहे. पण दर ईदीला शेजारच्या खैरुनबी शेख हिच्या घरी शीरखुर्मा खाऊन येते आणि वर मला सांगते, "आत्या, लई भारी झालता." माळ तिचीच, पण हे सांगणे तिने माझ्या हयातीत बंद करावे.

कलम ३. तांब्याचा मोठा हंडा अंजनाला देऊ नये. तिने तो दोनदा मागितला आहे. बाकी कोणालाही द्यावा.

कलम ४. आता माझ्या जळण्याचे कारण. खैरुनबी लग्न होऊन आली त्या पहिल्या ईदीला ती रुमालाने झाकलेली वाटी घेऊन आमच्या दारात आली होती. सासूबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "पोरी, आमी माळकरी. तुमच्यातलं शिजलेलं आमाला चालत न्हाई. द्यायचंच आसंल तर शिधा दे." खैरुनबी वाटी घेऊन परत गेली आणि थोड्या वेळाने शेवया, साखर, खोबरे, खारका असा कोरडा शिधा आणून दिला. त्याला पंचेचाळीस वर्षे झाली. सासूबाई जाऊन सव्वीस झाली, त्यांची तुळशीची माळही त्यांच्याबरोबर गेली, शिधा मात्र दर ईदीला येतो. ती आमचा मान राखते. मी तो शिजवते. जिन्नस तेच, दूध घरचे, पण भिंतीपलीकडून येतो तो वास माझ्या पातेल्याला एकदाही आलेला नाही.

आणि अंजना! या गल्लीत माझ्या मागून आलेली. तिच्याकडे वाटी गरम जाते, आणि ती मला दिसेल अशी उभी राहून खाते. बोटेसुद्धा चाटते. माझा जळफळाट होतो.

माझ्या पुरणपोळ्या खैरुनबी खाते. पंचमीला तिने काढलेली मेंदी लावून मी झोक्यावर बसले. गुडघा धरला तेव्हा तेल तिनेच चोळले. तिचा हात माझ्या अंगाला चालला आणि तोंडाला नाही. यात आता सासूबाईंचे नाव घेण्यात अर्थ नाही, चूक माझी. एक शब्द बोलायचा होता. पण मागून खाल्ले तर अंजनापेक्षा खाली उतरेन, असे वाटत राहिले.

कलम ५. सासूबाईंनी घातलेली शिध्याची अट मी रद्द करते. खैरुनबीने शिजलेला शीरखुर्मा या घरी द्यावा. लिहून घेणारे रामप्रसाद इथे थांबले व म्हणाले, "काकू, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं."

"मग शीरखुर्मा काय दहाव्याला कावळ्यानं खायचा व्हय?"

त्यामुळे हे कलम आजपासून लागू. ईद याच आठवड्यात आहे.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. खैरुनबीला सहीसाठी बोलावताना आत काय आहे ते सांगितलेले नव्हते. ऐकून तिने हातातला पेन खाली ठेवला. मग माझ्यावरच चिडली. "येवढी वर्सं का म्हनून गप बसल्या, बाई? आपल्या हातचं यांना चालत न्हाई, म्हनून दर ईदीला तो शिधा बांधताना मी रडलेली हाय."

मला वाटत होते, जळणारी मी एकटी. ती रडत असेल हे मला कधी सुचलेही नाही. मी तिचे हात धरले.

तिच्या सांगण्यावरून कलम ५ मध्ये दुरुस्ती, तिच्याच शब्दांत: "वाटी धाडनार न्हाई. बाईंनी माज्या घरी येऊन, बसून खायचं. पयली वाटी त्यांची."

साक्षीदार:
१. धर्मराज लोमटे (सही)
२. खैरुनबी शेख (सही)

लेखनिक: रामप्रसाद
ठिकाण: नांदूरघाट
दिनांक: १६ मार्च २०२६

दुरुस्ती मंजूर. अंजनाला आजच वाचून दाखवावी.

छबुबाई अर्जुनराव लोमटे (सही)