दोन पायऱ्या

नांदेड, कार्तिक शुद्ध दशमी

गोदावरीच्या घाटावरून आत्ताच परतलो. एकच गोष्ट मनाला टोचते आहे, आणि तिचेच हसूही येते आहे.

निजामाच्या फौजेतून निवृत्त झालेले माझे शीख स्नेही जमादार हरनामसिंग घाटावर नेहमी माझ्याहून दोन पायऱ्या वर बसत. माझ्या सोवळ्याचा मान राखतात, अशी माझी समजूत. पुराण सांगताना खोकल्याने श्लोक अर्ध्यावर तुटू लागला, तेव्हा मी चिलीम सोडली. तेव्हापासून तल्लफेच्या नेमक्या वेळी ते वेलदोडे घेऊन दारात येतात आणि मला घाटावर नेतात.

आज मी संपूर्ण स्तोत्र न अडखळता म्हटले. तसे जमादार खाली उतरले आणि खांद्याला खांदा लावून बसले.

"जमादारसाहेब, आज सोवळे विसरलात?" मी चेष्टेने विचारले.

"कशाचं सोवळं, शास्त्रीजी! आमच्यात तंबाखू मना हाय. तुमच्या धुराला भिऊन वर बसून राहिलो होतो. आज खोकला न्हाई, म्हणजे चिलीम खरंच सुटली, म्हणून खाली आलो."

"मग इतकी वर्षे बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही येणं सोडलं असतं, चिलीम न्हाई."

दोन पायऱ्या! केवढा अभिमान बाळगला मी त्यांचा! तल्लफ याही क्षणी आहे. परंतु जमादारांनी पुन्हा वर जाऊन बसावे, हे आता मला सोसवणार नाही.