शून्य तूट

३ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचे. सामान थोडं आणि बाबांच्या सूचना पोतंभर, असा प्रवास झाला. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस; आता उजवी बाजू लुळी पडली, अंथरुणावरून उठता येत नाही, पण पलंगाचा कुठला पाय आधी उतरवायचा हे जगाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. टेम्पोवाल्याने शेवटी कान बंद केले.

घर कार्यालयानेच दिलं आहे. नव्या माणसाला हेच घर मिळतं म्हणे. पुढची खोली, तिथेच ओटा, आणि मागे बाबांची खोली. तिचं दार आत उघडतं, उजेड भरपूर आहे. लोक नव्या खोलीत गेले की पंखा लावून बघतात, मी टेप लावते. बाबांची खोली चार मीटर रुंद, तीन साठ लांब. बाबांनी पडल्या पडल्या नजरेने तेवढीच सांगितली, आणि मग दिवसभर त्याचा तोरा मिरवला.

काम माझ्या आवडीचं आहे. सगळ्या शहराची नव्याने मोजणी करायची. उपग्रहावरून जागा सांगणारी यंत्रं, ड्रोनचे फोटो, आणि हे सगळं जुन्या नकाशांशी आपोआप जुळवणारी प्रणाली, जिच्यावर मी तीन वर्षं डोकं घासलं. कार्यालयात दोनच माणसं: साहेब, आणि जुनी दप्तरं सांभाळणारे फायलीकाका. दोघांनी माझं इतकं कौतुक केलं की मी बदलीवर आले की माहेरी, तेच कळेना.

५ मार्च, बुधवार

आज जुन्या वह्या चाळल्या. मोजणी करणाऱ्या कुणालाही विचारा: एका खुणेपासून निघा, शहराला वळसा घाला, परत त्याच खुणेवर या. दोन बोटांचा तरी फरक पडतोच. यंत्र, ऊन, माणूस, सगळेच थोडे थोडे चुकतात. ती चूक मग सगळ्यांत थोडी थोडी वाटून टाकायची, हा रिवाज.

इथल्या वह्यांत प्रत्येक भूखंडासमोर एकच शेरा आहे. तूट शून्य. साठ वर्षं, शून्य. आमच्या धंद्यात चूक सापडली तर कुणी घाबरत नाही, चूक सापडली नाही तर घाबरायचं. कुठेतरी नक्की पाणी मुरतंय.

८ मार्च, शनिवार

साहेबांना विचारलं. ते म्हणाले की इथली जमीन दर मोजणीला थोडी कमी भरते, आणि ती तूट सगळ्यांत वाटली की शहरभर भांडणं लागतात. म्हणून सगळी तूट एकाच भूखंडावर टाकायची, ही इथली जुनी पद्धत. एकाचं कमी झालं की बाकीचे सुखाने राहतात. तो एक भूखंड कुठला, असं विचारल्यावर त्यांना अचानक फोन करायचा होता.

आणखी एक. हे दोघे घरी जातच नाहीत. कपाटामागे दोन गाद्या गुंडाळून ठेवलेल्या दिसल्या. फायलीकाका रोज दोन कप चहा करतात, एक पितात, दुसरा खिडकीत ठेवतात आणि गार झाला की ओतून देतात. कुणासाठी ठेवता, असं विचारलं, तर बराच वेळ आठवत बसले आणि म्हणाले, सवय आहे बाई, कशाची ते ठाऊक नाही. मला दोघांचाही भरवसा वाटत नाही.

१२ मार्च, बुधवार

शहराचा पहिला भाग मोजून झाला. तूट ०.६० चौरस मीटर. खरी, प्रामाणिक तूट. अभिमानाने नोंदवली.

घरी आले तर बाबांची कुरकुर. मी त्यांचा पलंग हलवला म्हणे, भिंत पायाशी आली म्हणे. मी काहीही हलवलं नव्हतं. त्यांचा हट्ट मोडायला टेप लावली. तीन पंचेचाळीस. पहिल्या दिवशी मी मोजायला चुकले असणार. मी! आणि बाबाही चुकले असणार. बाबा यावर रुसले.

१४ मार्च, शुक्रवार

आज मी साहेब आणि काकांचा बंदोबस्त केला. वीस तारखेपासून ड्रोनचे फोटो थेट प्रणालीत जातील, संगणक आपला आपण मोजेल आणि तूट नोंदवेल. कुणालाही आकड्याला हात लावता येणार नाही, मलासुद्धा नाही. अर्धा पासवर्ड माझ्याकडे, अर्धा मुख्य कचेरीतल्या बाईंकडे, आणि त्या चोवीसपर्यंत रजेवर. तूट कुठल्या भूखंडावर टाकायची तो जुना रकाना न उघडता तसाच आत बंद केला. तो पुरावा आहे, चौकशीत उघडेल.

फायलीकाका मागे मागे आले. हात जोडून म्हणाले की एक फट तरी ठेव, माणसाचा हात जाईल एवढी. मी म्हटलं, तेवढ्याच फटीतून तर साठ वर्षं सगळं गेलं. स्वतःवर खूष होऊन घरी आले.

१७ मार्च, सोमवार

दुसरा भाग. तूट १.४०.

बाबांची खोली तीन दहा. पस्तीस सेंटिमीटर कमी. खोली चार मीटर रुंद. गुणाकार तोंडी येतो, करायचा नव्हता तरी झाला. एक पूर्णांक चाळीस.

आणि बुधवारचे पंधरा सेंटिमीटर? शून्य साठ.

माझी टेप बदलली आहे. दुसरं काय असणार? मला वेडं ठरवून इथून घालवायचं आहे कार्यालयातल्या त्या दोघांना. माझी पिशवी टेबलावर उघडीच असते. उद्या लेझरचं यंत्र आणते, ते माझ्या कुलपात आहे.

१८ मार्च, मंगळवार

लेझर. तीन दहा. पाच वेळा.

बाबा डाव्या हाताने वीत वीत करत पलंगाशेजारची फरशी मोजतात आणि माझ्याकडे बघत नाहीत. त्यांना भीती वाटते आहे हे मला कळतं, मला वाटते आहे हे त्यांना. दोघं जेवताना हवेबद्दल बोललो.

कुणीतरी भिंत पुढे आणतंय का? कशी? प्लास्टर जुनं आहे, कोळ्याचं जाळंसुद्धा जुनं —

१९ मार्च, बुधवार, सकाळ

कार्यालयात. फायलीकाकांच्या कपाटातले जुने नकाशे जबरदस्तीने काढले. तूट जिथे टाकतात तो भूखंड सापडला. आमच्या दारावर जी पाटी आहे तोच क्रमांक.

त्या घराला एकेकाळी पाच खोल्या होत्या. मग चार. तेव्हा साहेब नवे होते, तिथे राहत होते. मग तीन, मग दोन. तेव्हा फायलीकाका.

मी काकांना विचारलं, तुमच्याबरोबर त्या घरात कोण होतं. ते खिडकीतल्या कपाकडे बघत राहिले आणि रडायला लागले. म्हणाले, कुणासाठी रडतोय ते मला सांग ना, तू हुशार आहेस.

साहेब खाली बघून म्हणाले की घरी जाऊ नकोस, इथे तिसरी गादी आहे.

मोबाइल वाजला. आभाळ मोकळं मिळालं म्हणून उरलेल्या सगळ्या शहरावर ड्रोन एक दिवस आधीच उडवला. फोटो पोचले. संगणकाने मोजणी सुरू केली, आणि ती थांबवायला लागणारा अर्धा पासवर्ड रजेवर. आमच्या मागच्या खोलीचे उरलेले बारा पूर्णांक चाळीस —

घरी जाते. पळत.

१९ मार्च, दुपार

दार उघडत नाही. आत उघडतं ना. भिंतीने पलंग दाराशी ढकलला आहे, बाबा पलंगावर. बिजागऱ्या आतल्या बाजूला. बाबा आतून शांतपणे सांगतात कुठला स्क्रू आधी, डाव्या हाताने प्रयत्न करतात, हात पोचत नाही. मोजणीच्या यंत्राच्या तिपाईचा लोखंडी पाय दारावर मारला, सागाचं आहे, चरा पडला फक्त. गल्लीत ओरडले. चारजण आले, भिंतीकडे बघतात आणि विचारतात, कुठली खोली?

मोबाइलवर खोलीचा उरलेला आकडा. ६.८०.

लिहून ठेवते. काका विसरले, मी विसरणार नाही. माझे बाबा आत आहेत. सुतार. उजवी बाजू लुळी. मला फूटपट्टी म्हणतात. चहात साखर एक चमचा सांगतात आणि दोन घालून घेतात. आई गेल्यावर रोज माझी वेणी त्यांनी घातली, वाकडी, आणि मी ती तशीच शाळेत नेली. त्या आकड्यांना मी कुलूप लावलं. साहेबांनी नाही, काकांनी नाही, मी लावलं. बाबा, मी लावलं.

४.१०

म्हणताहेत, फूटपट्टे, रडू नकोस, तू मोजलंस ते बरोबरच मोजलंस. दाराच्या फटीतून त्यांचं करंगळीचं टोक. धरलं आहे. डाव्या हाताने लिहिते —

२.००

सुतार. वेणी. साखर — किती चमचे —

०.९०

आत एक म्हातारे गृहस्थ आहेत. कुणाला तरी हाक मारताहेत, लहान मुलीला मारावी तशी. दारच दिसत नाही, कुठून आत गेले —

०.१०

भिंत गार आहे. मी हिला टेकून का बसले? गाल ओले. बोट असं वाकडं, काहीतरी धरल्यासारखं —

वर ‘माझे बाबा’ लिहिलंय. अक्षर माझं आहे. पण या घराला एकच खोली, आणि मी तर इथे एकटीच —