कालव्याचा तळ

१२ फेब्रुवारी, गुरुवार

कालवा फुटला. घडलं तसं लिहून ठेवते.

पहाटे जाग आली ती किटलीच्या आवाजाने. शेगडीवरून घसरून खाली. बोट एका अंगाला कलली होती. आधी वाटलं, दोर कुठे अडकला असेल. दार उघडलं तर काठ हातभर वर गेलेला — म्हणजे आम्हीच खाली गेलो होतो! आणि पाणी वाहत होतं. आमच्या कालव्याचं पाणी वाहत नाही. ते उभं असतं, बदकं त्यावर झोपतात. टपालाची नोकरी सुटल्यापासून मी ह्या 'टीझल'वर राहते, पण पाण्याला कुठे जायची घाई आहे असं कधी पाहिलं नाही. आज ते पुलाखालून नदीसारखं पलीकडे धावत होतं.

पुलापलीकडे उंच भराव, भरावाखाली कुरणं आणि मग गाव. भरावाला भगदाड पडलं होतं.

त्या बाजूला दोनच बोटी. नदीन आणि कॅलमची 'ऑटर', आणि रजची 'पेशन्स'. कॅलम गोदामात रात्रपाळीला गेलेला. नदीन एकटी, आठवा महिना सरत आलेला.

रज आमच्याआधीच 'ऑटर'पाशी पोचला होता. एल्विन रज म्हणजे सत्तरीचा म्हातारा, कुणाशी धड बोलत नाही. संध्याकाळी कुणाचं इंजिन चालू राहिलं की येऊन छपरावर काठी आपटतो. बोटीचं नाव 'पेशन्स' आणि धन्याला धीर म्हणून नाही, असं डॉट नेहमी म्हणते. डॉट कोळशाची बोट चालवते. आमचा कोळसा, गॅस आणि साऱ्या कालव्याच्या खबरी तीच पुरवते.

पुलाच्या दोन्ही भिंतींत उभ्या खाचा आहेत. कालवा फुटला की त्या खाचांत जाड फळ्या एकावर एक सोडायच्या, म्हणजे पाणी तिथेच अडतं. फळ्या पुलाशेजारीच रचलेल्या असतात. हे आमच्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण फळ्या पडल्या की जे पलीकडे असेल ते पलीकडेच राहतं. आणि नाही पाडल्या तर आमच्या बाजूचं मैलोन्‌मैल साठलेलं पाणी गावावर जाणार.

रजने 'ऑटर'चा दोर खांद्यावर टाकला. मागे डॉट, मी, आणि बाकीच्या बोटींवरची माणसं, कुणी पायजम्यात, कुणी अनवाणी. पाणी उलटं खेचत होतं. पुलाखाली तर बोट जागची हलेना. नदीन सुकाणूवर उभी, पोट दांड्याला टेकलेलं, बोटीचं नाक सरळ धरून. भिंती दोन्हीकडून घासत होत्या. रज तिला एवढंच सांगत होता, "भिंतीकडे बघू नकोस पोरी. माझ्याकडे बघ."

'ऑटर' पुलाखालून अलीकडे निघाली. आता तुमची, असं म्हणत मी दोर गोळा करायला लागलेसुद्धा. तेवढ्यात भरावाचा आणखी एक लचका गेला. तो आवाज कानात नाही, छातीत बसला.

रजने 'पेशन्स'कडे पाहिलं. मग म्हणाला, "फळ्या आणा."

"एल्विन, अजून वेळ आहे," डॉट म्हणाली.

"गावाला नाही."

पहिली फळी त्याने स्वतःच्या हाताने सोडली. पाण्याने ती अशी खाचेत दाबली, की जणू वाटच बघत होतं. मग दुसरी, तिसरी. आम्ही देत गेलो, तो सोडत गेला. शेवटची बसली तेव्हा 'पेशन्स' बांधलेले खुंट काठातून उपटले होते. ती सावकाश आडवी फिरली, रज स्वतः वळवायचा तशीच डौलात, आणि भगदाडाकडे गेली. नाक खाली, शेपूट वर. क्षणभर तिचा तळचा पंखा दिसला. मग खाली कुरणात लोखंड दुमडल्याचा आवाज.

रजने खिशातून चष्मा काढला, पुसला, आणि न घालताच परत ठेवून दिला.

गावात पाणी पायऱ्यांपर्यंत चढलं म्हणे. उंबरा ओलांडला नाही.

एवढं मोठं काही मी माझ्या डोळ्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. भगदाडाचं म्हणत नाही मी.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पुलापलीकडे कालवा नाही. तिथे एक खंदक आहे, आणि त्यात आभाळ दिसत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर मासे उचलले. खंदकाच्या तळाशी डबकी राहिलीत, त्यांत मासे तडफडत होते. बादल्या, टब, कुणाचं तरी बाळाला न्हाऊ घालायचं घंगाळ (नदीनचंच, कोरं!) — जे मिळेल त्यात भरून पुलाअलीकडे सोडले. गावातली माणसंही आली. इतकी वर्षं आम्हाला 'ते बोटीवाले' म्हणणारी. आज गुडघाभर चिखलात आमच्या शेजारी. एका बाईने मला विचारलं, तो म्हातारा कोणता? मी दाखवला. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली, जवळ जायचं धाडस झालं नाही तिला.

एक पाईक मासा निघाला, माझ्या हाताएवढा लांब. त्याला न्यायला दोघं लागले. इतकी वर्षं हे धूड माझ्या अंथरुणाखालून पोहत होतं तर.

रजला सगळ्यांनी आपापल्या बोटीवर बोलावलं. सगळ्यांना नाही म्हणाला. रात्री कुठे झोपतो, तर पुलाखाली! शेवटी डॉट गेली. डॉटच्या बोटीमागे बांधलेली एक बिनइंजिनाची बोट असते, तिची केबिन रिकामीच. डॉटने उपकाराची भाषा काढलीच नाही. म्हणाली, कोळसा चोरीला जातोय, राखणीला माणूस पाहिजे, आणि तुमच्याइतकं खेकसणारं दुसरं कुणी ह्या कालव्यावर मिळायचं नाही.

तिचा कोळशाचा खडा कधी कुणी उचललेला नाही. ते रजलाही माहीत आहे. पण गेला. उचलून न्यायला त्याच्यापाशी काहीच नव्हतं. हात हलवत गेला.

३ मार्च, मंगळवार

आज जे पाहिलं ते नीट लिहिलं पाहिजे.

दुरुस्तीवाल्यांनी भगदाडाच्या कडा सरळ कापल्या. कालव्याच्या तळाला दोनेकशे वर्षांपूर्वी चिकणमातीचा थर दिलेला आहे, पाणी झिरपू नये म्हणून. पाणी घालायचं, तुडवायचं, वर पुन्हा माती, पुन्हा तुडवायचं. हे ऐकून होते. आज एका ठिकाणी वरचा थर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा सुटून आला, आणि खालच्या थरावर पावलं.

माणसांची. अनवाणी. टाच, चवडा, पाच बोटं. ओळीने गेलेली, मग वळून परत आलेली. एकाचा अंगठा बाहेर फाकलेला. एक पाऊल लहान, बाईचं असावं. तिने टाच जोरात रोवलीय, घसरली असेल. काल कुणी चालून गेल्यासारखं सगळं ओलं, ताजं!

कामावरची इंजिनियर पोरगी, जी सदा घाईत असते, ती गुडघ्यांवर बसली आणि तिने यंत्र बंद करायला सांगितलं. मग एवढी शांतता झाली की कुरणातल्या मेंढ्या ऐकू आल्या. आमच्या बोटी, आमचा स्वयंपाक, भांडणं, झोप — हे सगळं इतके दिवस ह्या पावलांवर तरंगत होतं. नावं कुणाला माहीत नाहीत. कबरीही नसतील.

रजने टोपी काढली. मग आम्ही सगळ्यांनी.

५ मार्च, गुरुवार

नदीनला मुलगी झाली. 'ऑटर'वरच, दवाखान्यात न्यायला सवडच दिली नाही तिने. सुईण आली तोवर डॉटने नाळेपर्यंतचं सगळं निभावलं होतं. मी पाणी तापवत होते आणि रडत होते. कॅलम बाहेर काठावर बसला होता, त्याच्या शेजारी रज. पहिलं रडणं ऐकू आलं तेव्हा रजने कॅलमच्या पाठीवर एकच थाप मारली. पोरगा कालव्यात पडायचा राहिला.

२१ मार्च, शनिवार

रजला गावात सरकारी घर मिळालं. तिसरा मजला. खिडकीतून मोटारी उभ्या करायचा तळ दिसतो म्हणे. कालवा पुन्हा सुरू झाला की त्यानंतरच्या सोमवारी किल्ली. त्याने सही केली. आम्ही सगळ्यांनी छान छान म्हटलं आणि मग सगळे पुलाकडेच बघत बसलो.

डॉटच्या बोटीवर बसलो होतो, बटाटा-कांद्याचं सूप. कॅलम बाळाला घेऊन आला. बरेच दिवस त्याच्या मनात असावं, आज विचारून टाकलं, की तुमची बोट भगदाडाच्या जास्त जवळ होती, मग आधी आमची का ओढलीत?

रज पाव मोडत राहिला. म्हणाला, "तुझ्या बोटीत दोघी होत्या. माझ्यात कोण होतं?"

डॉट सूप वाढायला उठली. वाडगे तर आम्हा सगळ्यांपुढे भरलेलेच होते.

१९ एप्रिल, रविवार

इंजिनियर पोरगी खरी गुणाची. नव्या मातीचा थर यंत्राने चोपून झाला, फक्त काठालगतचा एक पट्टा तिने राखला. परवा येऊन म्हणाली, हा माणसांनी तुडवला तरी चालेल. वरिष्ठांना विचारलंय, पण फार मोठ्याने विचारलं नाही.

मग काय! बोटींवरचे झाडून सगळे आले. गावातले आले. पाद्री बाई झगा कमरेला खोचून. शाळेतली पोरं. बूट-मोजे काठावर, आणि आत. माती बर्फासारखी गार, बोटांतून वर येते, पाय सोडत नाही. पहिल्यांदा हसणं, किंचाळणं, ढकलाढकली. डॉट धपकन बसली आणि तिला उठवायला गेलेले दोघंही बसले.

मग हळूहळू एक ठेका लागला. कुणी सांगितलं नव्हतं. डावा, उजवा, डावा, उजवा — सगळी माणसं एका पावलाने. हसणं थांबलं. त्या मातीचा एक ओला, जड आवाज असतो, तेवढाच. माझ्या एका बाजूला पाद्री बाई, दुसऱ्या बाजूला माशांच्या दिवशी भेटलेली ती गावातली बाई. तिचा हात कधी धरला कळलंच नाही.

रज काठावर उभा होता. मला घर मिळालंय, हा कालवा आता तुमचा, म्हणाला. नदीनने बाळाचा मोजा काढला, चिमुकला तळवा मातीत टेकवला, उचलला. बदामाएवढा ठसा. मग ती म्हणाली, "एल्विन, हिला अजून चालता येत नाही. हिच्या वाटचं तुम्ही तुडवा."

आला. विजार दुमडली, पांढरेफटक पाय, काठी टाकून. अंधार पडेपर्यंत तो थांबला नाही. सगळ्यात शेवटी बाहेर आला.

पाय धुतले पण नखांत माती आहे. राहू दे.

९ मे, शनिवार

पाणी सोडलं.

वाटलं होतं गर्जना होईल. कसलं काय! फळ्या एकेक उचलल्या आणि पाणी जिभेसारखं, चाचपडत पुढे गेलं. ठशांपाशी आलं. एकेका ठशात भरलं, थोडं थांबलं, पुढे गेलं. दोनशे माणसं काठावर उभी राहून बघत होती. दुपारपर्यंत खंदकात आभाळ आलं. संध्याकाळी एक बदक उतरलं, जणू काही झालंच नव्हतं.

पहिली बोट 'ऑटर' न्यायची ठरली. कॅलमने सुकाणू रजच्या हातात दिलं. रज नको म्हणाला, पण हात आधीच दांड्यावर गेला होता. भरावावरून जाताना त्याने इंजिन अगदी मंद केलं. खाली तळाशी कुणी झोपलं असावं आणि उठू नये, तसं.

परवा किल्ली घ्यायला जाणार. त्याचे दोन सदरे इस्त्री करून ठेवलेत.

१० मे, रविवार

काठाने एक बाई चालत आली. करडे केस, चांगले बूट, हातात बॅग. एल्विन रज इथेच ना, तिने मला विचारलं. मी डॉटच्या बोटीकडे बोट दाखवलं, पण तोवर रज बाहेर येऊन उभा होता. त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"म्युरिएल," तो म्हणाला.

बायको! आम्ही सगळे समजत होतो त्याला कुणी नाही. वीस वर्षांपूर्वी बोट का मी, असं म्हणाली होती म्हणे, आणि ह्याने बोट म्हटलं. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पेपरात फोटो पाहिला. चिखलात नाचत होतास."

"तुडवत होतो."

"बोट गेली म्हणे."

"गेली. उद्या घराची किल्ली मिळते. तिसरा मजला."

तिने बॅग गवतावर ठेवली. कालव्याकडे बघितलं, दोन्ही काठांच्या बोटींवरून सावकाश नजर फिरवली.

"घर मला आहे," ती म्हणाली. "बोट बघू या. ह्या खेपेला मी निवडीन."