उन्नतीला बोलण्यातला अर्थ शिकवताना

३ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी २.१०

आजपासून रोजनिशी. कारण ठोस आहे. सकाळी सूनबाई, म्हणजे हेमांगी, म्हणाली की बाबा, तुमची दुपारची झोप होत नाही, तर एक डिसेंबरपासून उन्नतीला बी विंगमधल्या एस्थर टीचरच्या पाळणाघरात ठेवू या का? माझ्या तब्येतीची एवढी काळजी! हल्ली कोण करतं?

पण नात साडेचार वर्षांची. शाळा साडेअकराला सुटते, आईबाप संध्याकाळपर्यंत ऑफिसात. दुपार माझी आहे. ती मी सोडणार नाही.

प्लॅन: महिनाभरात पोरीला असं तयार करायचं की हेमांगीच म्हणेल, कशाला हवं पाळणाघर! विषय ठरला. बोलण्यातला अर्थ. लहान मुलं नुसते शब्द ऐकतात, त्यामागचं त्यांना कळत नाही, असं एका ऑनलाइन लेक्चरमध्ये ऐकलं (पहिली सतरा मिनिटं). मी विमा कंपनीच्या तक्रार विभागात एकतीस वर्षं काढली आहेत. समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्याला काय म्हणायचंय ते मला कळतं. रिटायर झालो तेव्हा साहेब म्हणाले होते, श्रीरंगराव, तुमच्याशिवाय ऑफिस चालणार नाही, येत जा. चार सोमवार गेलोही. पाचव्या सोमवारी वॉचमन म्हणाला, लिफ्ट बंद आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पहिली टेस्ट. मी म्हटलं, गॅलरीतून वारा येतोय. अपेक्षित उत्तर: उठून दार लावणे. उन्नती म्हणाली, आजोबा, शाल देऊ?

चूक. शून्य मार्क.

(शाल घेतली. बरी वाटली.)

६ नोव्हेंबर, गुरुवार

चार्ट केले. एकूण अकरा. हॉलभर वाळत घातले. हेमांगी ऑफिसातून आली आणि म्हणाली, वा, काय सुंदर पसारा मांडलाय. मी थँक यू म्हटलं. उन्नतीने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने कागद गोळा करायला लागली. म्हणजे हिला साधं कौतुकसुद्धा कळत नाही. बेसिकपासून सुरुवात करावी लागणार.

१० नोव्हेंबर, सोमवार

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या जयवंतीबाई भेटल्या. म्हणाल्या, तुमचा आवाज काय खणखणीत हो, दुपारी बेडरूममध्ये पडलं तरी सगळा धडा ऐकू येतो. उन्नती लगेच त्यांना सॉरी म्हणाली. कारण नसताना सॉरी म्हणायची सवय मोडायला हवी.

संकल्प: उद्यापासून आणखी मोठ्याने शिकवणे. बाईंना शिकायची हौस दिसते.

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ४

आज लक्ष नव्हतं तिचं. तासभर गॅलरीच्या गजांना नाक लावून उभी. खाली एस्थर टीचरची आठ-नऊ पोरं पकडापकडी खेळत होती, नुसता गोंधळ. विचारलं, तुला जायचंय का तिकडे? तिने वळून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, नाही, मी नुसती बघतेय.

प्रश्न मिटला. मुलं खोटं बोलत नाहीत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचा धडा: पाहुणचार. कोणी खायला दिलं की लगेच हात पुढे करायचा नाही. पहिल्यांदा नको. दुसऱ्यांदा अहो, खरंच नको. तिसऱ्यांदा आग्रह झाला की बरं, अगदी थोडं. उन्नतीने विचारलं, भूक लागली असली तरी? मी म्हटलं, तेव्हा तर नक्कीच. तिने विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर? म्हटलं, आपल्याकडे विचारतात.

१६ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ६

प्रॅक्टिकल. राजोडीचा युजीन, माझा जुना ऑफिसमित्र, मागे वसईच्या बाजारात भेटला तेव्हा म्हणाला होता, एकदा या हो घरी, राहायलाच या. आज गेलो. मी, उन्नती आणि छोटी बॅग. रिक्षाने, अकराच्या सुमारास, नाश्ता न करता.

युजीन दारातच होता, हातात गाडीची किल्ली. त्याची बायको सेलिन नव्या साडीत. पुतण्याच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला निघाले होते म्हणे. अरे वा, या या, म्हणाले. उन्नती माझा हात ओढून म्हणाली, आजोबा, आपण समुद्रावर जाऊ. पोरीला रीतभात नाही. मी बसलो. म्हटलं, तुम्ही आवरा सावकाश.

सेलिनने विचारलं, जेवायचं काय तुमचं? मी म्हटलं, छे छे, झालंय. तिने मैद्याच्या तळलेल्या फुग्यांची बशी पुढे केली. घरचे, गरम, वास असा की काय सांगू. मी म्हटलं, नको. ती बरं म्हणाली आणि बशी आत घेऊन निघाली. मी दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसलो. तेवढ्यात उन्नती म्हणाली, मावशी, मला दोन द्या, एक आजोबांसाठी.

हावरटपणा. उणे पाच. येताना रिक्षात दोन्ही मीच खाल्ले, तिनेच पुढे केले म्हणून. बॅग उघडावी लागली नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मुलगा भूपेश म्हणाला, बाबा, थोडे दिवस कोकणात काकांकडे जाऊन येता का, हवापालट होईल. मी म्हटलं, कोर्स अर्धा झालाय, आत्ता कसं शक्य आहे? त्याने डोकं धरलं. बिचाऱ्या मुलाला ऑफिसचं फार टेन्शन आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रिव्हिजन. एकूण मार्क शंभरपैकी अकरा. पोरगी प्रत्येक प्रश्नाला आधी माझ्या तोंडाकडे बघते आणि मग बोलते. कॉपीच एक प्रकारची. बघू नकोस, नुसतं ऐक, असं दहा वेळा सांगितलं.

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी १

जिंकलो!

जेवताना हेमांगीने विषय काढला. मी म्हटलं, तिलाच विचारा. आणि मीच विचारलं, उन्नती, उद्यापासून दुपारी एस्थर टीचरकडे की आजोबांकडे? तिने वरणभाताचा घास तोंडात तसाच ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, आजोबांकडे. हेमांगी म्हणाली, एस्थर टीचरना फोन करून नको म्हणून कळवते.

डिसेंबरचा सिलॅबस तयार करतो.

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ७.४०

गॅलरीत टॉवेल वाळत घालत होतो. आत हेमांगी उन्नतीला मोजे घालत होती. उन्नती हळू आवाजात म्हणाली, आई, मला एस्थर टीचरकडे खेळायला जायचंय. हेमांगीने विचारलं, मग काल तसं का म्हणालीस? तर म्हणाली, आजोबा विचारत होते ना. आणि मग म्हणाली, त्यांना सांगू नकोस हं. मी गेले की ते एकटे बसतात.

लहान मुलांचं एवढं मनावर घ्यायचं नसतं.

७.५५

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. महिनाभर ती पोरगी मला सांभाळत होती आणि मी तिला मार्क देत होतो.

८.१५

हेमांगीला सांगितलं की माझी दुपारची झोप खरंच होत नाही, पाळणाघरच बरं. ती म्हणाली, नक्की ना बाबा? मी म्हटलं, अगदी नक्की. तिने फोन उचलला. उन्नतीला बूट घालायचीही फुरसत नव्हती, एक हातात घेऊनच जिना उतरली.

संध्याकाळी ५.२०

दुपारी चार्ट गुंडाळून माळ्यावर टाकले. पेपर दोनदा वाचला. खालून पोरांचा आवाज येत होता, पण गॅलरीत गेलो नाही.

उन्नती पाचला आली. गुडघे मातीने भरलेले, केस विस्कटलेले, तोंडभर हसू. बूट काढायच्या आधी विचारलं, आजोबा, तुम्ही दिवसभर काय केलं? मी म्हटलं, मजा केली. मस्त झोपलो.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, उद्या मी चारलाच येते.