मागे भांडी पुसणारी

प्रिय दादा,

दिव्यांगांवरच्या चित्रपटांच्या महोत्सवात अंध प्रेक्षकांना पडद्यावर काय चाललंय ते हेडफोनवर सांगायचं, हे माझं काम. काल तुझ्यावरचाच माहितीपट होता. तू पहिल्या रांगेत होतास, शेजारी वहिनी.

पडद्यावर तू म्हणालास, "माझी नजर गेली, पण हिची कुरकुर कधी ऐकली नाही." तुझ्या मागे वहिनी भांडी पुसत होती. कॅमेरा फक्त तुझ्यावर आहे, असं तिला वाटलं असावं. तिने फडक्याचा बोळा तोंडात धरला आणि आवाज न करता रडत राहिली.

मी माइकवर एवढंच म्हणाले, "मागे पत्नी भांडी पुसते आहे."

बाहेर आल्यावर तू विचारलंस, "मघाशी आत सगळे एकदम गप्प का झाले गं?"

"तुझं बोलणं भिडलं त्यांना."

"आणि ही नुसती भांडीच पुसत होती? एवढ्या मोठ्या सिनेमात दुसरं काम नाही दिलं?"

तू हसलास. वहिनीही हसली, तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. माझ्याकडे मात्र तिने पाहिलं नाही.

हे पाठवलं तर तुझा फोन ते मोठ्याने वाचेल, आणि वहिनी मागेच असेल.

जी तुला सगळं सांगते असं तू ज्याला त्याला सांगतोस, ती
तुझी धाकटी